बाकी उरते ती भूमिती

१, २४, ३२४, ३२००, २५६५०. संख्यांची ही ओळ वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन कामांत सापडते. तंतू सिद्धांताच्या अगदी पहिल्या रूपात, २६ मितींत कंप पावणाऱ्या खुल्या तंतूच्या अवस्था ऊर्जेच्या एकेका पायरीवर मोजत गेले की हेच आकडे मिळतात. भूमितीत के३ नावाचे चार मितींचे एक प्रसिद्ध अवकाश आहे. त्यावर एक बिंदू, दोन बिंदू, तीन बिंदू ठेवण्याच्या सर्व शक्यता एकत्र केल्या, आणि बिंदू एकमेकांत मिसळतात तिथली व्यवस्था नीट लावली, की नवी, मोठी अवकाशे तयार होतात. लोथार ग्योट्शे यांनी १९९० मध्ये त्यांच्या ऑयलर संख्या काढल्या, त्याही ह्याच. पुढे १९९४ मध्ये कुमरुन वाफा आणि एडवर्ड विटन यांनी त्याच के३वर अतिसममित गेज सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांचे उत्तर ज्या फलांतून घडले त्यांच्या मुळाशी पुन्हा हीच ओळ होती. रामानुजन यांनी १९१६ च्या निबंधात ज्या फलाचा अभ्यास केला, त्याचा व्यस्त घेऊन विस्तार केला की हे सारे आकडे ओळीने बाहेर पडतात.

ज्याला अशी गाठभेट योगायोग म्हणून सोडून देववत नाही, त्याच्यासाठी हा विषय आहे. अतिसममित गेज सिद्धांतांतल्या गणिती रचनांचा अभ्यास म्हणजे अशा भेटी का होतात, याचा शोध. गेल्या चार दशकांत त्यातून टोपोलॉजी, बैजिक भूमिती, प्रतिरूपण सिद्धांत आणि संख्या सिद्धांताच्या काही कोपऱ्यांना नवे प्रश्न मिळाले आणि कित्येकदा उत्तरेही मिळाली. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भौतिकशास्त्राने गणिताला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला तिच्यापर्यंत पोहोचता येईल असा रस्ता दाखवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी गेज सिद्धांताविषयी थोडे. प्रकाशाच्या सिद्धांतात अवकाशकालाच्या प्रत्येक बिंदूवर एक कोन निवडण्याची मुभा असते, आणि निवड कशीही केली तरी प्रयोगाचा निष्कर्ष बदलत नाही. १९५४ मध्ये चेन निंग यांग आणि रॉबर्ट मिल्स यांनी कोनाच्या जागी मॅट्रिक्सचा गट बसवला. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते, आणि एवढ्या एका फरकाने समीकरणे अरेषीय होतात. क्षेत्र स्वतःवरच परिणाम करू लागते. अणुगर्भ बांधून ठेवणारे प्रबळ बल याच जातीचे आहे. गणितज्ञ हीच रचना बंडल आणि कनेक्शन या नावांनी स्वतंत्रपणे अभ्यासत होते; दोन्ही बाजूंना आपण एकाच वस्तूविषयी बोलत आहोत हे १९७० च्या दशकात उमगले. समीकरणे लिहिता येतात, पण त्यांचा क्वांटम सिद्धांत चार मितींत काटेकोरपणे उभा करणे अजून कोणालाही जमलेले नाही. क्ले संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरचे जे सात प्रश्न जाहीर केले, त्यांतला एक हाच आहे.

अतिसममिती इथे मदतीला येते. निसर्गातले कण दोन जातींचे: बोसॉन आणि फर्मिऑन. या दोन जातींची अदलाबदल करणारी सममिती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत रशियात आणि पाश्चात्त्य देशांत वेगवेगळ्या वाटांनी सापडली. तिचा गणिती परिणाम समजायला विटन यांचा १९८२ चा युक्तिवाद पुरेसा आहे, आणि तो या विषयाचा खरा दरवाजा असल्याने इथे सावकाश पाहू.

अतिसममितीची क्रिया अशी असते की तिच्यापासून ऊर्जा तयार करता येते. साधारणपणे बोलायचे तर ती दोनदा केली की ऊर्जा हाती येते. त्यामुळे ज्या अवस्थेची ऊर्जा शून्य नाही, तिला नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा, पण दुसऱ्या जातीचा एक जोडीदार असतोच. शून्य ऊर्जेच्या अवस्थेवर मात्र क्रिया केली की काहीच उरत नाही, म्हणून तिला जोडीदाराची सक्ती नाही. आता बोसॉन अवस्थांची संख्या वजा फर्मिऑन अवस्थांची संख्या, अशी वजाबाकी करा. शून्याच्या वरचे सगळे जोडीजोडीने कटते. तळाशी उरलेली बाकी एक पूर्णांक असते. तुम्ही प्रणालीचे बारकावे हळूहळू बदला, अवकाश थोडे वाकवा, बल थोडे वाढवा; अवस्था वरखाली सरकतील, पण जोडीनेच सरकतील. बाकी हलणार नाही. जिथे गणित सोपे आहे तिथे ती काढावी आणि जिथे अवघड आहे तिथे वापरावी.

आता कण एखाद्या बंदिस्त पृष्ठभागावर फिरतो आहे असे घ्या. ही बाकी म्हणजे त्या पृष्ठभागाची ऑयलर संख्या. गोलासाठी २, मेदूवड्यासारख्या एका भोकाच्या पृष्ठभागासाठी ०. कण त्या पृष्ठभागावर कसा फिरतो, याच्या समीकरणांत टोपोलॉजीचा उल्लेखही नव्हता. सगळे कटून गेल्यावर तीच शिल्लक राहिली. पुढे या क्षेत्रात जे काही मोठे घडले त्याचा नमुना इथे आहे. अनंत मितींचे, व्याख्याही नीट न झालेले संकलन घ्यायचे. अतिसममितीच्या जोरावर ते सांत मितींच्या एखाद्या अवकाशावर आणून बसवायचे. आणि तिथे खरी, सिद्ध करता येणारी भूमिती करायची.

एक शंका इथेच दूर केली पाहिजे, कारण ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात येते. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये अतिसममितीने सुचवलेले जोडीदार कण आजवर सापडलेले नाहीत. ते कधीच सापडले नाहीत तरी या अभ्यासाचा पाया ढळत नाही. आपण इथे निसर्गाचे वर्णन करत नसून, ज्या जातीचे सिद्धांत निसर्गात चालतात त्या जातीतल्या, पूर्ण सोडवता येतील अशा उदाहरणांचा अभ्यास करत आहोत. हायड्रोजनचा अणू नेमका सोडवता आला म्हणून रसायनशास्त्राला बोलायला भाषा मिळाली. प्रबळ बलाच्या बाबतीत तशी भाषा देणारी उदाहरणे अतिसममित सिद्धांतांतच मिळतात.

त्यांतले सर्वांत सुंदर उदाहरण १९९४ च्या उन्हाळ्यातले, नेथन सायबर्ग आणि विटन यांचे. एसयू(२) गटाचा, एन=२ अतिसममिती (म्हणजे अतिसममितीच्या दोन प्रती) असलेला सिद्धांत. त्याची रिक्तावस्था, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, एक नसते. प्रत्येक संमिश्र संख्येगणिक एक, असे रिक्तावस्थांचे अख्खे प्रतल असते. त्या संख्येला आपण उ म्हणू. प्रत्येक उ पाशी कमी ऊर्जेला एक फोटॉन उरतो आणि त्याच्या आंतरक्रियेचे बळ टाउ या संमिश्र संख्येने मांडता येते. टाउचा काल्पनिक भाग नेहमी धन हवा, नाहीतर ऊर्जा ऋण होईल. आणि अतिसममितीची अट अशी की टाउ हे उ चे होलोमॉर्फिक फल असले पाहिजे.

या दोन अटी एकमेकांवर आदळतात. पूर्ण प्रतलावर होलोमॉर्फिक असलेल्या फलाचा काल्पनिक भाग सर्वत्र धन असेल, तर ते फल स्थिर असते. संमिश्र विश्लेषणाच्या पहिल्या वर्षात लिउव्हिलचे प्रमेय शिकलेला विद्यार्थी हे चार ओळींत सिद्ध करतो. पण भौतिकशास्त्र सांगते की उ मोठा होत जातो तसे टाउ लॉगरिदमच्या गतीने बदलते. स्थिर तर ते नाहीच. मग सुटका एकच: टाउ साधे फल नाही. काही विशिष्ट बिंदूंना वळसा घालून परत आले की ते दुसरेच मूल्य घेऊन येते, आणि या बदलात विद्युतभार आणि चुंबकी भार आपापल्या भूमिका बदलतात. असा विशिष्ट बिंदू एकच मानला तर तोच विरोधाभास परत येतो. म्हणून निदान दोन हवेत. योग्य एककात ते +१ आणि −१ इथे आहेत, आणि तिथे अनुक्रमे एक चुंबकी एकध्रुव आणि एक डायॉन, म्हणजे दोन्ही भार वाहणारा कण, वस्तुमानहीन होतात. अभिजात सिद्धांताला उ = ० इथे जो एकच बिंदू दिसत होता, तो क्वांटम सिद्धांतात दुभंगून दोन झालेला असतो.

एवढे कळल्यावर उत्तर जवळजवळ आपोआप लिहिले जाते. य चा वर्ग म्हणजे (क्ष − उ), (क्ष − १) आणि (क्ष + १) यांचा गुणाकार, असा एलिप्टिक वक्र घ्या. त्याच्या दोन आवर्तनांचे गुणोत्तर म्हणजे टाउ. इन्स्टँटॉन नावाच्या परिणामांची अनंत श्रेणी, जिची पहिली एकदोन पदे काढतानाच पूर्वी लोक दमून जात, ती संपूर्ण या एका घन समीकरणात मावते. शिवाय या सिद्धांतातली अतिसममिती थोडी कमी केली की त्या दोन बिंदूंवरच्याच रिक्तावस्था टिकतात, एकध्रुव तिथे साचतात आणि विद्युतभार एकमेकांपासून सुटू शकत नाहीत. क्वार्क बंदिस्त का राहतात याचे असे चित्र टॉफ्ट आणि मँडेलस्टम यांनी १९७० च्या दशकात सुचवले होते. इथे ते प्रथमच चार मितींच्या सिद्धांतात गणिताने हाती लागले.

याचा गणितावरचा आघात काही महिन्यांतच जाणवला. सायमन डोनाल्डसन यांनी १९८३ पासून यांग-मिल्स समीकरणांच्या उकली मोजून चार मितींच्या अवकाशांविषयी अनपेक्षित निष्कर्ष काढले होते. चार मितींचे साधे सपाट अवकाशसुद्धा अगणित वेगवेगळ्या रीतींनी गुळगुळीत करता येते, आणि दुसऱ्या कोणत्याही मितीत असे होत नाही, हे त्या काळातले सर्वांत चकित करणारे फलित. मात्र या सिद्धता फार लांब आणि कष्टाच्या होत्या. विटन यांनी १९८८ मध्ये दाखवले होते की डोनाल्डसन यांच्या संख्या एन=२ सिद्धांतातूनच येतात. मग १९९४ च्या अखेरीस त्यांनी पुढचे पाऊल टाकले: सिद्धांत तोच असेल, तर +१ आणि −१ पाशी एकध्रुवांची जी सोपी समीकरणे उरतात त्यांतूनही तीच माहिती मिळाली पाहिजे. मिळाली. पूर्वी शेकडो पाने घेणारे युक्तिवाद थोडक्यात होऊ लागले. पीटर क्रोनहायमर आणि टॉमाझ म्रोव्का यांनी त्याच साधनाने थॉमचे अनुमान सिद्ध केले: संमिश्र प्रक्षेपी प्रतलात घात घ चा बैजिक वक्र ज्या वर्गात येतो, त्या वर्गातल्या कोणत्याही गुळगुळीत पृष्ठभागाला (घ − १)(घ − २)/२ पेक्षा कमी भोके असू शकत नाहीत.

१९९४ हे वर्ष मुंबईतही या विषयाचे वर्ष होते, आणि हे मराठी वाचकाला आवर्जून सांगावेसे वाटते. सायबर्ग-विटन यांच्या निबंधाच्या काही महिने आधी, फेब्रुवारीत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून अशोक सेन यांनी एक छोटा निबंध लिहिला. विद्युत आणि चुंबकी भारांची अदलाबदल ही एन=४ सिद्धांताची खरी सममिती आहे, असे अनुमान क्लाउस मॉन्टोनेन आणि डेव्हिड ऑलिव्ह यांच्या १९७७ च्या कामापासून चालत आले होते, पण त्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. सेन यांनी विचारले: ही सममिती खरी असेल तर काय असायलाच हवे? चुंबकी भार २ आणि विद्युतभार विषम, अशा डायॉनच्या बद्ध अवस्था असायला हव्यात. दोन एकध्रुवांची सापेक्ष गती ज्या अवकाशात घडते त्याला अटिया-हिचिन अवकाश म्हणतात. तेव्हा प्रश्न असा उरतो की त्या अवकाशावर एका विशिष्ट जातीचे हार्मोनिक द्विरूप आहे का. सेन यांनी ते लिहूनच दाखवले. भौतिकातल्या एका धाडसी विश्वासाची परीक्षा भूमितीच्या एका सूत्रावर झाली आणि तो टिकला. अशा अदलाबदलीकडे, म्हणजे द्वैताकडे, पाहण्याची जगाची नजर त्यानंतर बदलली.

त्याच संस्थेत त्याआधी तीन दशके एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ चे आपले प्रमेय सिद्ध केले होते. बैजिक भूमितीतली स्थिर व्हेक्टर बंडले आणि पृष्ठभागाच्या मूलभूत गटाची अविभाज्य एकात्मक प्रतिरूपणे एकास एक जुळतात, असे ते प्रमेय. तेव्हा त्यात गेज सिद्धांताचे नावही नव्हते. १९८३ मध्ये मायकेल अटिया आणि राऊल बॉट यांनी त्याच विषयाकडे यांग-मिल्स समीकरणांच्या वाटेने पाहिले, डोनाल्डसन यांनी प्रमेयाची नवी सिद्धता दिली, आणि १९८७ मध्ये नायजेल हिचिन यांनी त्यात आणखी एक क्षेत्र मिसळून नवी अवकाशे शोधली. आज एन=२ सिद्धांतांच्या एका मोठ्या कुळाची रिक्तावस्था समजून घ्यायची तर हिचिन यांच्याच अवकाशांकडे जावे लागते. सायबर्ग-विटन वक्रसुद्धा त्यांच्या पोटातच बसतो. नरसिंहन-शेषाद्री प्रमेय नीट शिकलेला विद्यार्थी या क्षेत्रात परका नाही. त्याने अर्धी वाट आधीच चाललेली असते.

आता मोजणीकडे. इन्स्टँटॉन म्हणजे यांग-मिल्स समीकरणांच्या विशेष उकली. चार मितींत त्या सगळ्या कशा रचायच्या हे अटिया, ड्रिनफेल्ड, हिचिन आणि मानिन यांनी १९७८ मध्ये केवळ रेषीय बीजगणिताने सांगितले. एसयू(२) चा एक इन्स्टँटॉन आठ आकड्यांनी ठरतो: चार त्याच्या स्थानाचे, एक आकारमानाचा, तीन दिशेचे. या अवकाशाचे घनफळ काढायला जावे तर ते अनंत येते, कारण इन्स्टँटॉन कितीही दूर जाऊ शकतो, शिवाय आक्रसून शून्य आकाराचाही होतो. निकिता नेक्रासोव यांनी २००२ मध्ये त्यावर उपाय केला. चार मितींचे अवकाश दोन प्रतलांत दोन वेगवेगळ्या गतींनी फिरवायचे आणि या फिरण्यात जे बिंदू जागचे हलत नाहीत तेवढेच हिशेबात धरायचे. आकुंचित इन्स्टँटॉनच्या जागी थोडी डागडुजी केली की असे स्थिर बिंदू सांत संख्येत मिळतात, आणि एसयू(२) साठी ते यंग आकृत्यांच्या जोड्यांनी मोजले जातात. एका इन्स्टँटॉनला २ स्थिर बिंदू, दोनांना ५, तिघांना १०, चौघांना २०. प्रत्येक बिंदूचे एक परिमेय पद. सगळ्यांची बेरीज करायची आणि शेवटी फिरण्याच्या गती शून्याकडे न्यायच्या. सायबर्ग-विटन यांचे १९९४ चे उत्तर जसेच्या तसे हाती येते. हिराकू नाकाजिमा आणि कोटा योशिओका यांनी, तसेच नेक्रासोव आणि आंद्रेई ओकुंकोव यांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी त्याच्या पूर्ण गणिती सिद्धता दिल्या.

गती शून्याकडे न नेता तशाच ठेवल्या तर काय उरते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. लुईस अल्डाय, डाविडे गायोटो आणि युजी ताचिकावा यांना २००९ मध्ये दिसले की नेक्रासोव यांची बेरीज म्हणजे दोन मितींच्या अनुरूप क्षेत्र सिद्धांतातल्या फलांशी तंतोतंत जुळणारी वस्तू आहे. चार मितींतल्या इन्स्टँटॉनच्या अवकाशांवर विरासोरो बीजगणिताची क्रिया चालते, असा याचा गणिती अर्थ. मुख्य उदाहरणांत हे आता प्रमेय आहे. डेव्हेश मौलिक व ओकुंकोव आणि ओलिव्हिए शिफमान व एरिक वासेरो यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले.

याशिवाय आणखी दालने आहेत, त्यांचा इथे नुसता उल्लेख. आंतोन कापुस्टिन आणि विटन यांनी २००६ मध्ये एन=४ सिद्धांताच्या द्वैतातून भूमितीय लँगलँड्स कार्यक्रमाकडे जाणारा रस्ता दाखवला. तीन मितींच्या सिद्धांतांतल्या कुलोम शाखांची काटेकोर व्याख्या ब्रावरमान, फिंकेलबर्ग आणि नाकाजिमा यांनी केली. वाफा-विटन यांनाच संमिश्र प्रक्षेपी प्रतलावर जी फले मिळाली, ती रामानुजन यांनी जानेवारी १९२० मध्ये हार्डींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रातल्या मॉक थीटा फलांच्या कुळातली आहेत. आणि त्याच कुळाने कृष्णविवरांच्या क्वांटम अवस्था मोजण्याचे काम गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर यांनी समीर मूर्ती आणि डॉन झगिए यांच्यासह २०१२ मध्ये केले.

हे सारे वाचताना एक शिस्त पाळावी लागते. भौतिकशास्त्रज्ञ ‘दाखवले’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा असा असतो की अनेक स्वतंत्र कसोट्यांवर गोष्ट टिकली. गणितज्ञाचे ‘दाखवले’ म्हणजे सिद्धता. दोन्हींचे मोल आहे, पण वहीत ते वेगळे लिहावेत. प्रत्येक विधानापुढे प्रमेय की अनुमान याची खूण करावी. तयारी म्हणाल तर संमिश्र विश्लेषण, रेषीय बीजगणित आणि क्वांटम यांत्रिकीचा एक चांगला अभ्यासक्रम एवढ्यावर सुरुवात होते. बंडल आणि कोहोमॉलॉजी वाटेत शिकता येतात आणि अशाच गरजेपोटी शिकल्या की लक्षात राहतात. यातले १९९१ नंतरचे जवळजवळ सर्व मूळ निबंध तेव्हापासून चालू असलेल्या अर्काइव्ह या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे मोठ्या शहरातल्या ग्रंथालयावाचून कोणाचे अडू नये. सायबर्ग-विटन यांचा पहिला निबंध प्रथम वाचावा. मग दोन इन्स्टँटॉनचे पाच स्थिर बिंदू स्वतः काढून त्यांची बेरीज करावी. एका संध्याकाळचे काम आहे आणि ते दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नये.

आणि जे अजून कोणालाच जमलेले नाही तेही आजच सांगून ठेवतो. चार आणि दोन मितींचे वरचे नाते, हिचिन यांची अवकाशे, एन=४ सिद्धांताचे द्वैत, ही सगळी एकाच मुळापासून येतात असे मानण्याला भक्कम कारण आहे. ते मूळ म्हणजे सहा मितींतला एक अतिसममित सिद्धांत. वेर्नर नाम यांनी १९७७ मध्येच दाखवले की या जातीची अनुरूप अतिसममिती सहापेक्षा जास्त मितींत असूच शकत नाही, म्हणजे हा सिद्धांत अगदी वरच्या टोकाचा आहे. त्याचे अस्तित्व १९९५ पासून तंतू सिद्धांतातून ओळखले गेले आहे. त्याला दोन मितींच्या पृष्ठभागावर गुंडाळले की एन=२ सिद्धांत मिळतात, मेदूवड्याच्या आकारावर गुंडाळले की एन=४, आणि त्या आकाराच्या दोन वर्तुळांची अदलाबदल केली की विद्युत आणि चुंबक यांची अदलाबदल होते. इतके सगळे ज्याच्यापासून निघते त्या सिद्धांताची मूळ समीकरणे अजून कोणी लिहिलेली नाहीत, आणि त्याची गणिती व्याख्याही झालेली नाही.